वेळ भरली होती, की वेळ गेली होती?

पत्र बडोद्याहून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई 46 वर्षांच्या. सासर-माहेर दोन्ही दांडिया बाजारात, हाकेच्या अंतरावर. एका खासगी कचेरीत त्या हिशेब सांभाळतात. ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलून सारांश देते आहे.

दोन वर्षांपूर्वी त्यांचे वडील गेले. 22 वर्षांचा मधुमेह होता. दसऱ्याला सोनं द्यायला माहेरी गेलेल्या ताई पाया पडायला वाकल्या, तेव्हा वडिलांच्या उजव्या पायाच्या करंगळीच्या कडेला त्यांना काळपट ठिपका दिसला. वडील म्हणाले, ‘नवीन चप्पल चावली. दुखतबिखत काही नाही.’ घरात पाहुणे, दिवाळी तोंडावर. ‘फराळाचं उरकलं की दाखवून येऊ’ असं ठरलं. अठराव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. आधी बोट काढलं, मग गुडघ्याखाली पाय. जंतुसंसर्ग रक्तात उतरला होता. भाऊबीज इस्पितळातच झाली, आणि तिसऱ्या दिवशी ते गेले.

83 वर्षांच्या आत्या म्हणतात, ‘त्याची वेळ भरली होती. तू नेलं असतंस तरी तेच झालं असतं. नशिबात असेल ते चुकत नाही, नाहीतर कवळाण्याच्या शेतकऱ्याचा पोरगा बडोद्याच्या गादीवर बसता का?’ पुण्यात पदार्थविज्ञान शिकणारा मुलगा म्हणतो, ‘आई, त्या क्षणी तुझ्या मेंदूची जी अवस्था होती, तिच्यातून दुसरं काही निघूच शकत नव्हतं. जगात सगळं आधीच्या कारणांनी ठरतं. याला डिटरमिनिझम म्हणतात. स्वतःला दोष देऊ नकोस.’

गेल्या महिन्यात ताईंचा स्वतःचा रिपोर्ट आला. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी, 6.1. ‘आजी, बाबा, आता मी,’ असं त्या लिहितात. ‘आत्या आणि मुलगा दोघंही एकच सांगतात, की सगळं आधीच ठरलेलं आहे. मग मी भल्या सकाळी उठून कामाटी बागेत फेऱ्या कशाला मारू? दिवसा दोघांचं पटतं. रात्री 3 ला जाग येते तेव्हा दोघांचंही पटत नाही. तो ठिपका दिसतो. ती चप्पल अजून माळ्यावर आहे.’

*

ताई,

आत्या आणि मुलगा एकच सांगतात, असं तुम्ही पत्रात तीनदा लिहिलं आहे. मी तिथूनच सुरुवात करते, कारण गाठ तिथे बसली आहे. ते दोघं एक सांगत नाहीत. दोघांच्या बोलण्यात ‘ठरलेलं’ हा शब्द आहे, एवढंच साम्य. आपल्या भाषेनेही घोटाळ्याला हातभार लावला आहे, कारण लिहिणारे पुष्कळदा दोन्हींना ‘नियतिवाद’ म्हणून मोकळे होतात. मी आत्यांच्या म्हणण्याला दैव म्हणते आणि मुलाच्या म्हणण्याला कार्यकारण.

दैव म्हणजे काय ते मला 11 व्या वर्षी कळलं. धाकट्या भावाची पाचवी होती. आजीने पाटावर कोरा कागद ठेवला, शेजारी बॉलपेन. पेनाचं टोपण आठवणीने काढून ठेवलं. का, तर सटवाईला ते उघडता आलं नाही तर पोराच्या कपाळावर काही लिहिलंच जायचं नाही. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून मी तो कागद बघून आले. कोरा. एका कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलेलं. आजी म्हणाली, ‘ते आपल्याला दिसायचं नसतं.’

या पाटाभोवती दैवाची सगळी कल्पना मांडलेली आहे. लिहिणारं कोणीतरी आहे. ते तुमच्या नावाने, तुमच्यासाठी लिहितं. आणि लिहितं ते शेवट लिहितं, वाट लिहीत नाही. किती वर्षं, कशाने, कुठे, तेवढं. तुम्ही पूर्वेला जा की पश्चिमेला, औषध घ्या की घेऊ नका, शेवट तुम्हाला शोधत येतो.

तुमचा मुलगा जे सांगतो त्यात पाट नाही, कागद नाही, सटवाई नाही. लाप्लास नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने 1814 साली ही कल्पना सगळ्यात ठसठशीत मांडली. विश्वातल्या प्रत्येक कणाची जागा आणि त्यावर काम करणारी सगळी बळं एखाद्या बुद्धीला एका क्षणी कळली, तर तिला पुढचं-मागचं सगळं गणित करून सांगता येईल. बघा, यात तुमचं नाव कुठेच नाही. तुमच्यासाठी म्हणून काही ठरवलेलं नाही. आहेत ती फक्त कारणं, त्यांचे परिणाम, आणि प्रत्येक परिणाम पुढच्या कशाचं तरी कारण. इथे शेवट तुम्हाला शोधत येत नाही. तो तुम्ही चाललेल्या वाटेतूनच तयार होतो. मधली एक कडी वेगळी असती तर शेवटही वेगळा असता. आणि त्या साखळीत तुम्हीही एक कडी आहात. साखळीच्या बाहेर उभ्या राहून बघणाऱ्या नाही.

घरात कोणी ‘ठरलेलंच होतं’ म्हणालं की मी मनात एक वाक्य पूर्ण करून बघते. ‘काहीही केलं तरी हेच होणार होतं’ असं त्यांना म्हणायचं असेल तर ते दैव. ‘जे जे झालं त्यामुळे हे झालं’ असं असेल तर ते कार्यकारण. 2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तुम्ही दोन्ही वाक्यं ऐकली असतील. ज्यांनी गाद्या, फ्रिज आणि कागदपत्रांची पेटी वेळेत वरच्या मजल्यावर नेली त्यांचं तेवढं वाचलं. नदीला कोणाच्या कपाळावरचं वाचता येत नाही. तिला फक्त उंची कळते.

आता आत्यांच्या सयाजीरावांकडे वळते. बडोद्यात मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाने ही गोष्ट ऐकली आहे. नाशिककडच्या कवळाण्याचा, शेतकरी घरातला, लिहिता-वाचता न येणारा गोपाळराव. ‘इथे कशाला आलास?’ या प्रश्नाला ‘राज्य करायला’ असं उत्तर देतो आणि निवडला जातो. गोष्ट अशी सांगितली की तिच्यात सटवाईच दिसते. पण मधल्या कड्या घालून सांगा. 1870 मध्ये खंडेराव महाराज गेले आणि त्यांचे भाऊ मल्हारराव गादीवर आले. 1874 च्या नोव्हेंबरात रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, कर्नल फेयर याच्या सरबतात विष सापडलं. चव बिघडलेली वाटली म्हणून त्याने सरबत ओतून दिलं आणि पेल्याच्या तळाशी त्याला गाळ दिसला. संशय मल्हाररावांवर आला. चौकशीला सहा जण बसले, तीन इंग्रज आणि तीन हिंदी, आणि त्यांचं मत तीनास तीन असं फुटलं. तरीही गैरकारभाराचं कारण देऊन 1875 च्या एप्रिलमध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं. खंडेरावांच्या विधवा जमनाबाईसाहेबांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. गायकवाडांच्या दूरच्या शाखा कुठे कुठे आहेत याचा शोध सुरू झाला, तो कवळाण्याला पोहोचला, आणि 27 मे 1875 ला 12 वर्षांचा गोपाळराव सयाजीराव झाला. यात एखाद्या मुलाच्या नावाने लिहिलेलं काही दिसतं का? मला पेल्याच्या तळाचा गाळ दिसतो. फेयरने सरबत शेवटपर्यंत पिऊन टाकलं असतं तर पुढचा इतिहास कसा गेला असता, कोण जाणे.

पण मला त्या गोष्टीचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो आत्या सांगत नाहीत. ज्याला आपण नशीबवान म्हणतो त्या माणसाने राज्यात काय केलं? 1893 मध्ये आधी अमरेली भागात आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलींसाठीसुद्धा. कपाळावरच्या लेखावर खरोखर भिस्त असलेला राजा असा कायदा करत नाही. तो म्हणेल, ज्याच्या नशिबी विद्या आहे तो शिकेलच, आणि नाही त्याला शाळेत कोंडून काय उपयोग? शाळा हे कारण आहे आणि ते घातलं की परिणाम बदलतो, असं ज्याला वाटतं तोच शाळा काढतो, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंडही करतो.

आत्यांना हे वाद म्हणून ऐकवू नका मात्र. त्याचं कारण पुढे सांगते.

तुमचा मूळ प्रश्न, की सगळं ठरलेलं असेल तर चालायला कशाला जाऊ, हा दोन हजार वर्षांहून जुना आहे. ग्रीक लोकांनी त्याला नावच ठेवलं होतं, आळशी युक्तिवाद. तुम्ही बरे होणार असं ठरलं असेल तर वैद्य बोलावलात काय, न बोलावलात काय, बरेच होणार. मरणार असं ठरलं असेल तर वैद्य काय करणार? म्हणून वैद्य बोलावू नका. खाटल्यावर बसून हरीची वाट बघणारा आपल्या म्हणीतला माणूस हाच. ख्रिसिपस नावाच्या तत्त्वज्ञाने याला उत्तर दिलं होतं, आणि तो स्वतः सगळं ठरलेलं आहे असं मानणाराच होता, हे विशेष. तो म्हणाला, बरं होणं ठरलेलं असेल तर वैद्याला बोलावणंही त्याच्याबरोबरच ठरलेलं आहे. एक वगळून दुसरं ठरत नाही. पीक येणार हे ठरलंय म्हणून पेरणी सोडून दिली तर पीक येणार हे ठरलेलंच नव्हतं.

परीक्षिताची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. सात दिवसांत तक्षक चावून मरशील असा शाप, एका खांबावरचा महाल, चोख पहारा, आणि शेवटी फळातल्या अळीच्या रूपाने आलेला तक्षक. दैव टळत नाही याचा दाखला म्हणून कीर्तनात ही गोष्ट येते. पण आदिपर्वात या गोष्टीत आणखी एक माणूस आहे, त्याला आपण विसरतो. कश्यप. विष उतरवण्यात निष्णात. राजाला वाचवायला, आणि हो, बिदागी मिळवायलाही, तो हस्तिनापूरकडे निघालेला असतो. वाटेत तक्षक त्याला गाठतो. ‘बघू तुझी विद्या’ म्हणून एका वडाला डसतो. वड जळून राख होतो. कश्यप त्या राखेतून पुन्हा वड उभा करतो, आधी अंकुर, मग दोन पानं, मग फांद्या. तक्षक घाबरतो. तो म्हणतो, ‘राजाकडून जे मिळणार त्याहून जास्त मी देतो, परत जा.’ कश्यप ध्यान लावून बघतो, राजाचं आयुष्य संपलंय असं त्याला दिसतं, आणि तो धन घेऊन परत फिरतो. (आधी ध्यान आणि मग धन, हा क्रम मला नेहमीच सोयीचा वाटत आला आहे.)

आता विचार करा. ‘काहीही केलं तरी’ हे खरं असतं, तर कश्यपाला येऊ द्यायला काय हरकत होती? तो आला असता, त्याने मंत्र घातला असता, आणि तरीही राजा गेला असता. पण गोष्ट रचणाऱ्याला ते करता आलं नाही. ज्याने राखेतून वड उभा केला त्याला राजाच्या शेजारी बसवलं तर राजा जगणार, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून वैद्याला वाटेतूनच परत पाठवावं लागलं. दैवाच्या इतक्या प्रसिद्ध गोष्टीतसुद्धा शेवट घडवून आणायला कारणाचाच हात लागतो.

इथवर वाचून तुमच्या पोटात कालवलं असेल, याची मला कल्पना आहे. ‘म्हणजे मी कश्यपाला बोलावलं नाही, हेच ना?’ ताई, मला हा प्रश्न टाळायचा नाही. आत्यांचं दैव घेतलं की तुमच्यावरचा दोष जातो, पण मग त्या दसऱ्याला तुम्ही तिथे असणं आणि नसणं सारखंच होतं. तुमचं वाकणं, बघणं, विचारणं, सगळं बिनकामाचं. तुम्हाला रात्री ते पटत नाही ते याचमुळे, असा माझा अंदाज आहे. बापाच्या शेवटात आपली काहीच जागा नव्हती, हे मुलीला दोषापेक्षाही जड जातं.

म्हणून मी दैवाने तुमचं समाधान करणार नाही. कारणंच बघू, नीट. वडील ‘दुखत नाही’ म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, तुमचं मन राखायला म्हणाले असंही नाही. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होत जातात. चप्पल चावली, खडा टोचला, चटका बसला, तरी वर निरोप पोहोचत नाही. रक्तपुरवठाही रोडावतो, त्यामुळे जखम भरायला वेळ लागतो आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. न दुखणं हेच त्यांचं दुखणं होतं. आणि आपण तर आयुष्यभर उलटं शिकलो आहोत, की दुखलं तर दाखवायचं. तुम्ही त्यांना विचारलंत, त्यांनी खरं उत्तर दिलं, आणि त्या खऱ्या उत्तराने दोघांनाही फसवलं.

तीन आठवडे आधी नेलं असतं तर ते वाचले असते का? शक्यता वाढली असती. यापुढे कोणी प्रामाणिकपणे जाऊ शकत नाही, त्यांना तपासणारे डॉक्टरसुद्धा नाहीत. ‘वाचलेच असते’ हे तुमचं रात्री 3 चं वाक्य आहे, आणि त्यालाही आत्यांच्या वाक्याइतकाच आधार आहे.

तुम्ही हिशेब बघता. ऑक्टोबरच्या तारखेला नोव्हेंबरची नोंद कोणी घातली तर तुम्ही ते पान पुढे जाऊ द्याल का? पण दोन वर्षं तुम्ही तेच करता आहात. काळा ठिपका म्हणजे काय, हे तुम्हाला इस्पितळात कळलं. ती नोंद तुम्ही दसऱ्याच्या पानावर चढवली आहे आणि मग त्या दिवशीच्या स्वतःला विचारता आहात, तुला दिसत कसं नव्हतं? एक वही घ्या. डाव्या पानावर फक्त तेवढंच लिहा, जे दसऱ्याला संध्याकाळपर्यंत तुम्हाला माहीत होतं. आधीच्या किती जखमा आपसूक बऱ्या झाल्या होत्या, बाबा काय म्हणाले, घरात किती माणसं होती, कोणाकोणाला तो ठिपका दिसला होता. उजव्या पानावर नंतर कळलेलं. डाव्या पानावरचा हिशेब डाव्या पानावरच्या आकड्यांनीच जुळवायचा. त्यातही काही चूक निघाली तर निघू दे. ‘पाहुण्यांपायी मी टाळलं’ असं निघालं तर ते तसंच लिहा. तेवढी चूक माणसाला सोसते. उजव्या पानावरचं ओझं डावीकडे ओढून आणलं की सोसत नाही.

तुमच्या मुलाचं म्हणणं इथे अर्धं बरोबर आहे. तीच माहिती, तीच घाई, तेच उत्तर असेल तर तुमच्याकडून तेच घडलं असतं. पण त्यावरून तुम्ही उद्या सकाळचं अनुमान काढता आहात, आणि तिथे घसरता आहात. उद्याची कारणं तीच नाहीत. उद्याच्या कारणांत तो ठिपका आहे. दोन वर्षांची जाग आहे. 6.1 हा आकडा आहे. मुलाचं म्हणणं शंभर टक्के खरं मानलं तरी त्याचा अर्थ एवढाच होतो, की जे तुम्हाला कळलं आहे ते काम करतं.

(त्याला एक चिमटाही काढा. लाप्लासनंतर शंभरेक वर्षांनी त्याच्याच विषयाने या चोख चित्राला तडा दिला आहे. किरणोत्सारी पदार्थातला एखादा अणू पुढच्या तासात फुटेल की नाही, हे आजच्या पदार्थविज्ञानाच्या नियमांतून निघत नाही. फक्त शक्यता निघते. त्यातून माणसाला मोकळी इच्छा मिळते असं नाही, फासे पडले म्हणून कोणी मोकळं होत नाही. पण ‘सगळं ठरतंच’ हे इतक्या खात्रीने आईला सांगण्याआधी त्याने थोडं थांबावं.)

आता 6.1 बद्दल. 5.7 ते 6.4 ही उंबरठ्यावरची पट्टी. 6.5 पासून पुढे मधुमेह म्हणतात. आजी, बाबा, मी, ही ओळ तुम्ही कपाळावरच्या लेखासारखी वाचली आहे. आनुवंशिकता खरी आहे, पण ती वर सांगितलेल्या साखळीतली एक कडी आहे, शेवट नाही. चेन्नईच्या डॉक्टरांनी केलेला एक अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. साखर उंबरठ्यावर असलेली 531 माणसं, सगळी भारतीय. ज्यांना नेहमीचा सल्ला देऊन सोडून दिलं, त्यांच्यापैकी तीन वर्षांत शंभरातल्या 55 जणांना मधुमेह झाला. ज्यांना रोज किमान अर्धा तास भरभर चालायला आणि खाणं आवरायला लावलं, त्यांच्यापैकी 39 जणांना.

हे दोन आकडे सावकाश बघा. चालूनही 39 जणांना झालाच. काही न करताही 45 जणांना झाला नाही. म्हणून ‘चाललं की वाचलंच’ असं मी तुम्हाला म्हणणार नाही, आणि उद्या साखर वाढली तर तो तुमचा गुन्हा असंही नाही. पण मधले 16 बघा. दैव खरं असतं तर दोन्ही आकडे सारखे आले असते. ते 16 जण कपाळावर काही वेगळं लिहून आले नव्हते. ते चालले. त्यांच्यात तुम्ही असाल की नाही हे आज कोणाला कळणार नाही, पण न चालता त्या 16 मध्ये जाता येत नाही, एवढं नक्की. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा, एकट्या आकड्यावर विसंबू नका, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. कामाटी बागेतल्या फेऱ्या चालू ठेवा. फेऱ्यांनंतर सेव उसळीच्या गाडीपाशी काय होतं, हे बडोदेकरांना मी सांगायला नको.

ज्यांच्या घरी जुना मधुमेह आहे अशा सगळ्यांनीच हा पुढचा मजकूर वाचावा. रोज रात्री तळपाय आणि बोटांमधल्या बेचक्या बघायच्या. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून, नजर कमी असेल तर दुसऱ्याने. चप्पल-बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा. देवळातल्या तापल्या फरशीवर अनवाणी जायचं नाही. गरम पाण्यात पाय घालण्याआधी पाणी दुसऱ्या कोणाकडून पाहून घ्यायचं. भोवरी ब्लेडने घरी कापायची नाही. आणि फोड, जखम, काळेपणा, सूज, यांपैकी काही दिसलं तर दुखतं की नाही हे विचारायचंच नाही. त्याच दिवशी दाखवायचं, फार तर दुसऱ्या. फराळ थांबतो.

आत्यांशी वाद घालू नका असं मी वर म्हटलं. त्या 83 वर्षांच्या आहेत आणि त्यांचा भाऊ गेला आहे. ‘वेळ भरली होती’ हा त्यांचा सिद्धांत नाही. भाचीच्या पाठीवरून हात फिरवताना तोंडातून येणारा तो शब्द आहे. झालेल्या गोष्टीवर आपली माणसं दैवाचं पांघरूण घालतात, ते झाकायलाच. ते पांघरूण घेऊन त्यांच्याजवळ बसा. फक्त त्या पुढच्या गोष्टींबद्दल तसं बोलायला लागल्या, ‘औषधं कशाला, व्हायचं ते होणार’ म्हणाल्या, तर तिथे ऐकू नका. त्यांच्या बीपीच्या गोळ्या कोण आणून देतं आणि त्या रोज घेतात की नाही, एवढं बघा. माझी पैज आहे, घेत असणार. गीतेचा पाठ करत असतील तर अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक त्यांच्याकडूनच म्हणवून घ्या. कोणतंही काम घडायला लागणारी पाच कारणं तिथे मोजली आहेत. जागा, करणारा, साधनं, निरनिराळे प्रयत्न, आणि पाचवं दैव. आत्या पाचव्यापासून मोजायला लागतात, इतकंच.

मुलाशी मात्र जरूर बोला. ‘दोष देऊ नकोस’ हे त्याने मायेपोटी म्हटलं, पण त्याच्याकडे मायेला शब्द कमी होते म्हणून त्याने विज्ञानाचे घेतले. त्या वयात असं होतं. त्याला सांगा, की तुझं म्हणणं खरं असेल तर तुझे शब्दही कारणंच आहेत, आणि त्यांचा परिणाम असा झाला की तुझी आई फेऱ्या सोडायला निघाली होती. आणि त्याला विचारा, की त्याची शेवटची साखर कधी तपासली होती. आजोबांच्या वंशात तोही येतो.

रात्रीची जाग दोन वर्षं टिकली आहे, ही गोष्ट वहीवर सोडून देऊ नका. झोप, भूक किंवा कामातलं लक्ष यावर परिणाम होत असेल तर समुपदेशकाला भेटा. 14416 हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे, तिथे फुकट बोलता येतं.

माळ्यावरच्या चपलेचं काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण लिहिलं आहे. टाकायची की ठेवायची हे मी सांगणार नाही. एकदा दिवसाउजेडी खाली काढा, आणि करंगळीपाशी शिवण कुठे येते ते हाताने बघा. दोन वर्षं तुम्ही ती अंधारातच बघता आहात.

आणि तीन महिन्यांनी रिपोर्ट आला की कळवा. आकडा कमी झाला नसला तरी कळवा.